राहणं इथे, काम तिथे, कर कुठे?

जर्मनीतल्या मराठी मंडळींच्या गप्पांत हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. सुट्टीला जोडून पुण्याला किंवा नागपूरला दोन-तीन महिने राहायचं आणि इथल्याच कंपनीचं काम तिथून करायचं, तर कर कुठे भरायचा? अमेरिकेतल्या भाऊबंदांचा प्रश्न थोडा वेगळा असतो. न्यू जर्सीत घर, न्यूयॉर्कमध्ये नोकरी आणि लेकीच्या बाळंतपणासाठी दोन महिने कॅलिफोर्नियात राहून तिथूनच काम, असं असेल तर किती राज्यांची विवरणपत्रं भरावी लागतील याचा हिशेब त्यांना करावा लागतो.

जर्मनीही संघराज्यच आहे. इथे १६ राज्यं आहेत, प्रत्येकाचं विधिमंडळ वेगळं, शाळा वेगळ्या, सुट्ट्याही वेगळ्या. तरी म्युनिकच्या कंपनीत नोकरी करणाऱ्याने तीन महिने हॅम्बुर्गच्या मित्राकडे राहून काम केलं, तर त्याच्या प्राप्तिकरात राज्य बदलल्यामुळे काहीच फरक पडत नाही. विवरणपत्र एकच आणि कराचा दरही एकच. हे आपल्याला इतकं स्वाभाविक वाटतं की त्यामागे इतिहास असेल असं मनातही येत नाही. पण दीडशे वर्षांपूर्वी इथली परिस्थिती आजच्या अमेरिकेपेक्षाही गुंतागुंतीची होती. ती गुंतागुंत कशी सुटली आणि देशाची हद्द ओलांडताच ती पुन्हा का उभी राहते, हे समजून घेतलं तर पुण्याच्या त्या तीन महिन्यांचं कोडंही बरंचसं उलगडतं.

नदीच्या दोन काठांवर

ऱ्हाईन नदीच्या एका काठावर मानहाइम आणि दुसऱ्या काठावर लुडविग्सहाफेन. एकोणिसाव्या शतकात मानहाइम हे बाडेन राज्यातलं शहर होतं, तर लुडविग्सहाफेन बव्हेरियाच्या ताब्यातल्या फाल्त्स प्रदेशात होतं. १८६५ मध्ये मानहाइमला एक रसायन कंपनी स्थापन झाली आणि तिचा कारखाना मात्र पलीकडच्या काठावर उभा राहिला. तीच आजची बीएएसएफ. तिच्या नावातला ‘बी’ बाडेनचा आहे, पण कारखान्याची जमीन बव्हेरियाची होती. माणसं एका राज्यात राहत आणि नदी ओलांडून दुसऱ्या राज्यात राबत. उत्तरेकडे आल्टोना आणि हॅम्बुर्ग यांचं तसंच. घरं एकमेकांना लागून, पण १८६६ नंतर आल्टोना प्रशियाचं आणि हॅम्बुर्ग स्वतःच एक राज्य.

प्रत्येक राज्याचे प्रत्यक्ष कर आपापले. प्रशियात १८२० पासून माणसांची वर्गवारी करून कर घेतला जाई आणि १८५१ पासून श्रीमंतांवर उत्पन्नाच्या अंदाजानुसार कर बसे. कुठे रहिवाशाला धरत, कुठे जमीनमालकाला, कुठे धंदा करणाऱ्याला. रेल्वे सुरू झाल्यावर माणसं पोटापाण्यासाठी सहज दुसऱ्या राज्यात जाऊ लागली आणि एकाच कमाईवर दोन राज्यांनी हात टाकण्याचे प्रसंग वाढले. १८६९ मध्ये प्रशिया आणि साक्सनी यांनी याबाबत आपापसात करार केला. पण अशा दोघादोघांच्या करारांनी किती पुरं पडणार?

उत्तर जर्मन महासंघाने १३ मे १८७० रोजी दुहेरी कर दूर करणारा कायदा केला. तो जेमतेम काही कलमांचा आहे. त्याचा गाभा असा: महासंघाच्या नागरिकाकडून प्रत्यक्ष कर त्याच राज्याने घ्यावा जिथे त्याचं राहतं घर आहे. कुठेच घर नसेल तर जिथे तो मुक्कामाला आहे त्या राज्याने घ्यावा. स्वतःच्या मूळ राज्यात एक घर आणि दुसऱ्या राज्यात दुसरं घर असेल तर मूळ राज्याचा हक्क पहिला. जमीन आणि धंदा यांवरचा कर मात्र जमीन आणि धंदा जिथे आहे तिथेच. सरकारी पगार आणि निवृत्तिवेतन यांवरचा कर, ज्या राज्याच्या तिजोरीतून पैसे निघतात त्या राज्याचा. पुढच्या वर्षी जर्मन साम्राज्य झालं आणि हा कायदा दक्षिणेकडच्या राज्यांनाही लागू झाला.

म्हणजे मानहाइमला राहून लुडविग्सहाफेनच्या कारखान्यात मजुरी करणाऱ्याचा कर बाडेनचा. रोज दहा-बारा तास तो बव्हेरियात घाम गाळत असला, तरी बव्हेरियाला त्याच्या मजुरीवर हात टाकता येत नव्हता. काम कुठे होतं यापेक्षा माणूस राहतो कुठे, याला जर्मन राज्यांनी महत्त्व दिलं.

मग राहतं घर म्हणजे काय, हे ठरवणं आलं. १८७० च्या कायद्याने त्याची व्याख्या केली: ज्या परिस्थितीत माणसाने जागा ताब्यात ठेवली आहे, त्या परिस्थितीवरून ती कायम ठेवण्याचा त्याचा हेतू दिसत असेल, तर ते त्याचं राहतं घर. तो तोंडाने काय सांगतो याला महत्त्व नाही. जर्मनीच्या आजच्या, १९७७ पासून लागू असलेल्या करसंहितेचं आठवं कलम वाचलं तर जवळपास तीच शब्दरचना सापडते. तुम्ही आठ महिन्यांसाठी भारतात गेलात आणि इथला फ्लॅट सामानासकट, किल्लीसकट, परत येण्याच्या बेताने ठेवलात, तर जर्मनीच्या दृष्टीने तुमचं घर इथेच आहे. म्हणजे पूर्ण करदायित्वही इथेच. ‘मी तर आठ महिने इथे नव्हतोच’ हा युक्तिवाद या कलमापुढे टिकत नाही. घर नसेल तर पुढचं, नववं कलम येतं. ते मुक्काम पाहतं आणि सलग सहा महिन्यांहून जास्त राहिलेल्याला इथलाच धरतं. मधल्या छोट्या फेऱ्यांनी ती साखळी तुटत नाही.

वुर्त्सबुर्गचे प्राध्यापक

घर जिथे तिथे कर, हे सोपं होतं. पण न्याय्य होतं का? वुर्त्सबुर्ग विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ गेओर्ग फोन शान्त्स यांनी १८९२ मध्ये, स्वतःच सुरू केलेल्या ‘फिनान्त्स-आर्खिव्ह’ या नियतकालिकात, करदायित्वाच्या प्रश्नावर एक लेख लिहिला. त्यांचं म्हणणं असं की नुसतं नागरिकत्व किंवा नुसतं घर पाहून चालणार नाही. माणसाचे आर्थिक संबंध कोणत्या समाजाशी किती आहेत हे पाहिलं पाहिजे. ज्या मुलुखात उत्पन्न तयार होतं तिथले रस्ते, न्यायालयं, पोलीस यांच्या जोरावरच ते तयार होतं. म्हणून कराचे तीन हिस्से उत्पन्नाच्या मुलुखाला आणि एक हिस्सा घराच्या मुलुखाला द्यावा, अशी वाटणी त्यांनी सुचवली.

ही वाटणी तशीच्या तशी कोणी स्वीकारली नाही. पण राहण्याचं ठिकाण आणि कमाईचं ठिकाण या दोन दाव्यांची ओढाताण शान्त्स यांनी ज्या शब्दांत मांडली, ती पुढच्या सगळ्या चर्चेच्या मुळाशी आहे. त्यांच्या लेखाच्या आगेमागे जर्मन राज्यांत प्राप्तिकर खऱ्या अर्थाने रुजत होता. साक्सनीने १८७० च्या दशकात तो आणला. प्रशियात अर्थमंत्री योहानेस फोन मिकेल यांनी १८९१ मध्ये नवा कायदा केला. ९०० मार्कांपर्यंत माफी, कमाल दर ४ टक्के आणि एका मर्यादेवरच्या प्रत्येकाने स्वतः विवरणपत्र भरायचं. साम्राज्याच्या मध्यवर्ती सरकारला मात्र स्वतःचा प्राप्तिकर नव्हता. जकात, अप्रत्यक्ष कर आणि राज्यांनी द्यायच्या वर्गण्या यांवर ते चाले.

एर्त्सबर्गर

पहिलं महायुद्ध हरल्यावर ही व्यवस्था कोलमडली. कर्ज अवाढव्य, नुकसानभरपाई डोक्यावर आणि मध्यवर्ती तिजोरी रिकामी. जून १९१९ मध्ये अर्थमंत्री झालेल्या माटियास एर्त्सबर्गर यांनी नऊ महिन्यांत इतके करकायदे मंजूर करून घेतले की जर्मन करव्यवस्थेचा चेहरामोहरा बदलला. राज्यांची करखाती मोडून देशभर एकच करप्रशासन उभं राहिलं. ज्या ‘फिनान्त्सआम्ट’चं पत्र आलं की आपल्या पोटात गोळा येतो, ते कार्यालय त्याच सुधारणेतून आलं. २९ मार्च १९२० च्या कायद्याने राज्यांचे वेगवेगळे प्राप्तिकर संपले आणि सगळ्या देशाला एक कर, एक दरपत्रक लागू झालं. कमाल दर ६० टक्के. मिकेल यांच्या ४ टक्क्यांशेजारी हा आकडा ठेवला की श्रीमंतांचा संताप कळतो.

कामगारही खूश नव्हते. १९२० च्या उन्हाळ्यापासून मजुरीतून १० टक्के आधीच कापले जाऊ लागले. मालकाने कापलेल्या रकमेची तिकिटं विकत घेऊन कामगाराच्या करपत्रावर चिकटवायची, अशी सुरुवातीची पद्धत होती. श्टुटगार्टमध्ये ऑगस्ट १९२० मध्ये याविरुद्ध मोठा संप झाला. आज आपल्या पगाराच्या कागदावर ‘लोनश्टॉयर’ नावाची जी ओळ असते, तिचा हा जन्म.

एर्त्सबर्गर यांनी नोव्हेंबर १९१८ मध्ये युद्धबंदीच्या करारावर सही केली होती. ती सही आणि हे कर, या दोन्हींमुळे उजव्या राष्ट्रवाद्यांनी त्यांच्याविरुद्ध विखारी प्रचार चालवला. २६ ऑगस्ट १९२१ रोजी ब्लॅक फॉरेस्टमधल्या बाड ग्रीसबाखजवळ फिरायला गेले असताना त्यांना गोळ्या घालून ठार मारण्यात आलं.

त्यांनी उभं केलेलं मात्र टिकलं. दुसऱ्या महायुद्धानंतर करकार्यालयं पुन्हा राज्यांकडे आली, पण कायदा देशाचा एकच राहिला. आजच्या राज्यघटनेच्या १०६ व्या कलमाप्रमाणे प्राप्तिकर ही सामाईक मिळकत आहे. सध्या ४२.५ टक्के केंद्राला, ४२.५ टक्के राज्यांना आणि १५ टक्के गावा-शहरांना मिळतात. आता कुठल्या राज्याला किती? इथे १८७० चा नियम अजून जिवंत आहे. पॉट्सडामला राहून बर्लिनमध्ये नोकरी करणाऱ्याचा कर बर्लिनची कंपनी कापते, पण हिशेबाअंती त्यातला राज्याचा वाटा ब्रांडेनबुर्गला पोचतो, कारण घर तिथे आहे. ही देवाणघेवाण तिजोऱ्या आपापसात करतात. करदात्याला तिचा पत्ताही लागत नाही.

एक छोटी खूण मात्र पगाराच्या कागदावर उरली आहे. चर्चचा सभासद असलेल्याला बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये प्राप्तिकराच्या ८ टक्के चर्चकर लागतो, इतर राज्यांत ९ टक्के. त्यामुळे आजही मानहाइम आणि लुडविग्सहाफेन या दोन काठांवर राहणाऱ्या दोन ख्रिस्ती सहकाऱ्यांच्या हातात थोडा वेगळा पगार पडतो. आपल्यापैकी बहुतेकांनी नावनोंदणीच्या वेळी धर्माचा रकाना रिकामा सोडलेला असल्याने आपल्याला तेवढाही फरक दिसत नाही.

सेलिग्मन, आंबेडकर आणि मुंबई इलाखा

एर्त्सबर्गर यांची हत्या झाली त्याच वर्षी, एप्रिलमध्ये, बॉन विद्यापीठात एका मराठी विद्यार्थ्याने नाव नोंदवलं होतं: भीमराव रामजी आंबेडकर. लंडनमधल्या अभ्यासामुळे बॉनचं शिक्षण पुढे गेलं नाही. पण त्यांच्या अभ्यासाचा विषय आपल्या विषयाला अगदी लागून आहे. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानातल्या केंद्र आणि प्रांत यांच्या आर्थिक संबंधांवर प्रबंध लिहिला. १९२५ मध्ये तो लंडनहून पुस्तकरूपाने निघाला. अर्पणपत्रिका सयाजीराव गायकवाडांना आहे आणि प्रस्तावना आहे त्यांचे प्राध्यापक एडविन सेलिग्मन यांची.

हे सेलिग्मन तरुणपणी बर्लिन आणि हायडेलबर्गला शिकलेले आणि जर्मन अर्थशास्त्राचे जाणकार. राष्ट्रसंघाने दुहेरी करावर अहवाल लिहायला नेमलेल्या चार अर्थशास्त्रज्ञांत ते होते. बाकीचे तिघे म्हणजे रॉटरडॅमचे ब्रुइन्स, ट्युरिनचे लुइजी आइनाउदी (हे पुढे इटलीचे राष्ट्राध्यक्ष झाले) आणि लंडनचे जोसाया स्टॅम्प. १९२३ च्या त्यांच्या अहवालाचा पाया ‘आर्थिक बांधिलकी’ हाच होता, म्हणजे शान्त्स यांचाच विचार. उत्पन्न कुठे निर्माण होतं, कुठे हाती येतं, त्यावरचा हक्क कुठे बजावता येतो आणि माणूस राहतो कुठे, हे चार धागे त्यांनी वेगळे केले.

भारतातही त्याच सुमारास मोठी फेरवाटणी झाली. १९१९ च्या सुधारणा कायद्यानंतर जमीनमहसूल प्रांतांकडे गेला आणि प्राप्तिकर केंद्राकडे. कापडगिरण्यांच्या मुंबई इलाख्याला आणि बंगालला हे फार लागलं. कर मुंबईच्या उद्योगातून गोळा होणार आणि जाणार दिल्लीला, ही तक्रार तेव्हापासूनची. सर्वसामान्य माणसाचा मात्र यात फायदाच होता. मुंबईत नोकरी आणि मद्रासेत बदली, तरी कर एकाच सरकारचा.

संस्थानांची गोष्ट निराळी होती. कोल्हापूर, बडोदे, सांगली ही करापुरती जवळजवळ परदेशंच. १९३९ च्या दुरुस्तीने ब्रिटिश हिंदुस्थानच्या प्राप्तिकर कायद्यात रहिवासाची सविस्तर कसोटी आली, १८२ दिवसांची मोजणी आली आणि ‘रहिवासी, पण सामान्यतः रहिवासी नव्हे’ ही चमत्कारिक वर्गवारीही आली. मायदेशी परतलेल्या अनिवासी भारतीयांना ती आजही भेटते. संस्थानी मुलुखात झालेलं उत्पन्न रहिवाशाने ब्रिटिश हद्दीत आणलं तरच त्यावर तिथे कर, अशी तरतूद होती. साताऱ्यात घर आणि कोल्हापुरात मिळकत असलेल्याला तेव्हा तोच प्रश्न पडत असणार, जो आज न्यू जर्सीकराला पडतो. संस्थानं विलीन झाली आणि तो प्रश्न मिटला.

स्वतंत्र भारताच्या घटनेने, आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालच्या मसुदा समितीच्या हातून, शेतीखेरीजच्या उत्पन्नावरचा कर केंद्राकडे ठेवला आणि त्यातला वाटा राज्यांना देण्याचं काम वित्त आयोगाकडे सोपवलं. पहिल्या आयोगाने राज्यांचा वाटा वाटताना ८० टक्के भार लोकसंख्येला आणि २० टक्के वसुलीला दिला. मुंबईची जुनी तक्रार त्यामुळे मिटली नाही. पण पुण्याच्या मुलीने बंगळुरूच्या कंपनीचं काम घरून केलं म्हणून तिला दोन राज्यांची विवरणपत्रं भरावी लागत नाहीत. राज्याच्या हातात उरला तो व्यवसाय कर. महाराष्ट्राने १९७५ मध्ये रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करायला तो लावला. महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपयांची ती कपात अनेकांना आठवत असेल. वर्षाला अडीच हजार रुपये ही त्याची घटनेनेच घातलेली मर्यादा आहे.

१८३ दिवस

जर्मनी आणि भारत यांनी देशांतर्गत प्रश्न जवळपास सारख्याच रीतीने सोडवला: कायदा एक, वसुली एक आणि मग वाटणी. अमेरिकेने राज्यांचे कर राज्यांकडेच ठेवले. म्हणून तिथे अजून १८७० च्या आधीच्या जर्मनीसारखे वाद होतात. टेनेसीत राहून न्यूयॉर्कच्या मालकासाठी बहुतांश काम घरून करणाऱ्या एका प्रोग्रॅमरच्या सगळ्या पगारावर न्यूयॉर्कने कर घेतला आणि २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी तो मान्य केला. घरून काम करणं ही मालकाची गरज नसून नोकराची सोय असेल तर कर मालकाच्या राज्याचा, हा तिथला नियम आहे. कोविडच्या काळात न्यू हॅम्पशायरमध्ये घरी बसून काम करणाऱ्यांवर मॅसॅच्युसेट्सने कर चालू ठेवला. न्यू हॅम्पशायर थेट देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं, पण जून २०२१ मध्ये न्यायालयाने तो खटला ऐकायलाच नकार दिला.

दोन देशांमध्ये तर वर संसदही नसते आणि सामाईक तिजोरीही नसते. तिथे उरतात फक्त करार. राष्ट्रसंघाच्या १९४३ च्या मेक्सिको मसुद्यात तात्पुरत्या कामासाठी १८३ दिवसांची मर्यादा आली आणि पुढे ती जगभरच्या करारांत पसरली. वर्षाच्या अर्ध्याहून जेमतेम अर्धा दिवस जास्त, इतका साधा तो आकडा आहे. भारत आणि पश्चिम जर्मनी यांचा पहिला करार १९५९ चा. सध्याचा करार १९९५ मध्ये झाला आणि १९९६ मध्ये अमलात आला.

आता पुण्याच्या त्या तीन महिन्यांकडे येऊ. भारतीय कायद्याप्रमाणे, भारतात बसून केलेल्या कामाचा पगार हा भारतात कमावलेला पगार आहे, मग तो युरोत मिळो आणि जर्मन बँकेत जमा होवो. म्हणजे कमाईच्या ठिकाणाचा दावा पहिल्या दिवसापासूनच उभा असतो. करार भारताला तो सोडून द्यायला लावतो, पण तीन अटींवर: भारतातला मुक्काम वर्षात १८३ दिवसांहून जास्त नको, पगार देणारा भारताचा रहिवासी नको आणि मालकाच्या भारतातल्या कायम कार्यालयावर त्या पगाराचा बोजा पडता कामा नये. तिन्ही अटी पुऱ्या झाल्या तर कर जर्मनीतच. त्यासाठी आपण जर्मनीचे रहिवासी आहोत असा दाखला इथल्या करकार्यालयाकडून घ्यावा लागतो. मुक्काम लांबून भारताचा हक्क आला, तर भारतात कर भरल्याचा पुरावा दिल्यावर जर्मनी तेवढा पगार सोडते. मात्र उरलेल्या पगाराचा दर ठरवताना तो हिशेबात धरते.

हे वेगळं आणि भारताचे रहिवासी ठरणं वेगळं. भेटीला आलेल्या अनिवासी भारतीयाला रहिवासी ठरण्यासाठी भारतीय कायद्याने १८२ दिवसांची सूट आहे. २०२० च्या बदलानंतर, ज्यांचं भारतातलं उत्पन्न १५ लाखांहून जास्त आहे त्यांच्यासाठी ती १२० दिवसांवर आली आहे. शिवाय भारताचं वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि जर्मनीचं जानेवारीला, त्यामुळे एकाच मुक्कामाची मोजणी दोन पट्ट्यांनी होते. दोन्ही देशांनी रहिवासी म्हटलं तर करार क्रमाने विचारतो: कायमचं घर कुठे, जिव्हाळ्याचे आणि आर्थिक संबंध कुठे, नेहमीचा मुक्काम कुठे आणि शेवटी नागरिकत्व कुठलं.

उलट बाजूची गोष्टही इथे नेहमी दिसते. संशोधनासाठी जर्मनीत आलेल्याच्या मागोमाग जोडीदार येतो आणि पुण्यातली नोकरी इथल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावरून चालू ठेवतो. कंपनी भारतातली, पगार रुपयांत, उगमी करही तिथेच कापला जातो. त्यामुळे आपला जर्मनीशी संबंध नाही असं वाटतं. पण घर इथे, काम करणारे हातही इथे. १८७० ची कसोटी लावा किंवा शान्त्स यांची, उत्तर जर्मनी असंच येतं.

कोविडने या मोजणीतला कोरडेपणा उघडा पाडला. जर्मनीने फ्रान्स, लक्झेंबर्ग, नेदरलँड्स, ऑस्ट्रिया अशा शेजाऱ्यांशी २०२० मध्ये तातडीने समझोते केले: सीमेपलीकडून कामाला येणारा माणूस टाळेबंदीमुळे घरी बसला, तर ते दिवस कामाच्या देशातलेच धरावेत. हे समझोते जून २०२२ अखेर संपले. पण त्यातून काही कायमचं उरलं. लक्झेंबर्गमध्ये नोकरी करणाऱ्या जर्मन रहिवाशांना वर्षात १९ दिवस कामाच्या देशाबाहेर काम करण्याची मुभा होती, ती २०२४ पासून ३४ दिवस झाली. भारताच्या केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने ८ मे २०२० च्या परिपत्रकाने अडकलेल्या लोकांचे २२ ते ३१ मार्चचे दिवस मोजणीतून वगळले. त्यापुढच्या वर्षासाठी मात्र सरसकट सूट दिली नाही.

१८३ दिवस मोजायचे कसे, हे करारांच्या नमुन्यावरच्या आंतरराष्ट्रीय भाष्यात सविस्तर लिहिलेलं आहे. पोचण्याचा दिवस मोजायचा, निघण्याचा मोजायचा. शनिवार, रविवार, सण, सुट्ट्या मोजायच्या. आजारपणाचे दिवसही मोजायचे, अपवाद फक्त आजारपणामुळे निघताच आलं नाही तेव्हाचा. आणि त्याच यादीत, संप आणि टाळेबंदीच्या मागोमाग, कुटुंबातलं आजारपण आणि मृत्यू यांसाठी थांबलेले दिवसही आहेत. तेही मोजायचे.

आपल्यापैकी बरेचजण तीन महिन्यांसाठी म्हणून जातात आणि सहा महिने राहतात, ते नेमकं याच कारणासाठी. आईचं ऑपरेशन लांबतं, वडिलांना एकटं सोडवत नाही, मग तेराव्यानंतर घराची निरवानिरव. दिवसा माणूस हॉस्पिटलमध्ये असतो आणि दुपारी साडेबारा-दीडला जर्मनीची सकाळ सुरू झाली की मीटिंगला बसतो. मानहाइमच्या मजुराला आजारी आईसाठी नदी ओलांडून महिनाभर पलीकडे राहावं लागलं असतं, तरी १८७० च्या कायद्याने त्याचं घर अलीकडेच धरलं असतं. दोन्ही काठांच्या वर एकच संसद होती, म्हणून ते शक्य होतं. आपल्या दोन काठांच्या वर असं कोणी नाही.

तेव्हा निघण्याआधी मालकाची लेखी परवानगी घ्यावी, रहिवासाचा दाखला काढावा, बोर्डिंग पास जपून ठेवावेत आणि मुक्काम लांबतोय असं दिसलं की वेळीच करसल्लागाराशी बोलावं. एका साध्या वहीत तारखा लिहून ठेवाव्यात, भारताच्या वर्षासाठी एक रकाना आणि जर्मनीच्या वर्षासाठी दुसरा. घरात आजारपण असताना हे दिवस मोजायचं भान राहत नाही, आणि पुढे विवरणपत्र भरताना नेमके त्याच दिवसांचे प्रश्न विचारले जातात.